नववा फर्मा दोनदा

मी इंग्रजी भाषेच्या इतिहासावरचा एक जाडजूड ग्रंथ बोलतोय. विद्वान म्हणून मिरवावं असं माझं रूप आहे. पण माझं मन मला खातंय, आणि ते कुणाला तरी सांगायलाच हवं.

माझा जन्म बाइंडिंगच्या कारखान्यात झाला. तिथे लांब टेबलावर छापील फर्म्यांच्या थप्प्या असतात. सोळा पानांचा एक फर्मा. प्रत्येक थप्पीतला एकेक उचलत, मोजत पुढे सरकायचं. मला जुळवणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. हात कामावर आणि डोळे पानावर, ही त्यांची खोड. नवव्या थप्पीपाशी त्यांना एक वाक्य दिसलं : भाषा बिघडत नसते, बदलत असते. मावशी थबकल्या. मग तोंडाने "दहा" म्हणत त्यांनी पुन्हा नववाच फर्मा उचलला आणि अकराव्याकडे गेल्या. दहावा राहिला तो राहिलाच.

त्यात मला कव्हर लागलं उलटं. माझी रवानगी रद्दीत झाली. मावशींनी मालकांना विचारून मला घरी नेलं.

तेव्हापासून शेजारी शब्दकोश घेऊन त्या मला वाचू लागल्या. शिकवायला कुणी नव्हतं. बसथांब्यावर लोक हसायचे.

"मावशी, पुस्तक उलटं धरलंय!"

"कव्हर उलटं आहे. मी सुलटीच आहे," त्या म्हणायच्या आणि पान उलटायच्या.

लेकीने एकदा विचारलं, "आई, हेच पान परवा वाचत होतीस ना?"

"लेखकाने दोनदा दिलंय, म्हणजे महत्त्वाचं असणार. शिकलेल्या माणसांचं असंच असतं बाई."

आणि त्या बिचाऱ्या ती सोळा पानं पुन्हा मन लावून वाचायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एकदा पंख्याच्या वाऱ्याने मी नेमका दोन नवव्या फर्म्यांच्या सांध्यावर उघडलो. डावीकडे एकशे चव्वेचाळीस, उजवीकडे एकशे एकोणतीस. मावशी चष्मा आणायला आत गेल्या होत्या. मी तसाच राहिलो असतो तर सगळं उघड झालं असतं. पण चोराच्या मनात चांदणं! पुन्हा रद्दीत जायची भीती वाटली. माझी पाठ ताठ होती. मी मिटलो.

पुढे कारखान्याच्याच छापखान्यात मुद्रितशोधकाची जागा निघाली. बावीस वर्षं फर्मे उचलल्यावर मावशींनी पहिल्यांदा अर्ज केला. मला पिशवीत घेऊन गेल्या. मुख्य मुद्रितशोधकांनी विचारलं, "इंग्रजीत लिहितात एक आणि बोलतात दुसरं, असं का झालं?"

"ते कुणालाच ठाऊक नाही, साहेब," मावशी ठामपणे म्हणाल्या. "मी अख्खं पुस्तक तीनदा वाचलंय."

"मावशी, अहो, हा तर पाया आहे."

उत्तर माझ्या दहाव्या फर्म्यात असायला हवं होतं : उच्चार शेकडो वर्षं सरकत राहिले, आणि स्पेलिंग मात्र छापखान्यांनी जागच्या जागी खिळवून टाकलं. त्यांच्याच धंद्याची गोष्ट होती ती.

जागा दुसऱ्याला मिळाली. घरी येऊन मावशींनी माझे पृष्ठांक एकेक करून तपासले.

"हा माझाच हात," त्या म्हणाल्या. "आणि मी लेखकाला मोठेपणा देत बसले."

मला त्या एका शब्दानेही बोलल्या नाहीत. ते जास्त लागलं.

चार रविवार वाचनालयात बसून त्यांनी दुसऱ्या प्रतीतली ती सोळा पानं हाताने उतरवली आणि माझी शिवण उसवून अकराव्या फर्म्याच्या आधी शिवली. लेक म्हणाली, "तो जास्तीचा फर्मा काढून टाक ना."

"राहू दे. माझ्या हातचा आहे."

पुढच्या वर्षी त्या पुन्हा अर्ज करणार आहेत. मावशी, तुम्ही स्वतःला दोष देता, पण वाऱ्याचा तो दिवस तुम्हाला ठाऊक नाही. जमलं तर मला माफ करा. नव्या शिवणीने माझी पाठ सैल झालीय. आता मला कुठेही ठेवा, मी आपोआप त्याच सांध्यावर उघडतो. मिटू म्हटलं तरी मिटता येत नाही.