खांद्यावरचा शिपाई

हिंदुरावांनी खांद्यावरच्या धम्मदीपला गादीवर आदळलं आणि कमरेवर हात ठेवले.

"झालं तुमचं?"

धम्मदीप पडल्या पडल्याच हसला. तिशी ओलांडलेला, दिवसभर खुर्चीत बसून पोट सुटलेला माणूस. त्याला उचलताना हिंदुरावांची दमछाक झाली होती, पण ती दिसू नये म्हणून ते तोंड मिटून नाकानं श्वास घेत होते. दोघांच्याही अंगात काळे घट्ट पोशाख होते आणि सांध्यासांध्यावर बटणांएवढे सेन्सर लावलेले होते. भिंतीवरच्या पडद्यावर दोन राखाडी आकृत्या त्यांची नक्कल करत होत्या. एक कमरेवर हात ठेवून उभी, दुसरी पाय पसरून पडलेली.

"काका, अजून एकदा करू," कॉम्प्युटरमागून जिज्ञासा म्हणाली. "खाली ठेवताना जरा सांभाळून. तो जखमी आहे."

"जखमी कुठला? गेममधला पत्र्याचा डबा आहे तो."

"बरं, डबा. पण त्याला डबा समजायचं नाही, एवढाच तर खेळ आहे."

हिंदुराव निकमांनी चोवीस वर्षं पायदळात काढली होती. हवालदार म्हणून निवृत्त झाले, मग अंबरनाथच्या एका कंपनीत सिक्युरिटी सांभाळली. आणि आता अठ्ठावन्नाव्या वर्षी, चिखलोलीतल्या नव्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये सर्कशीतला पोशाख घालून उभं राहायची वेळ आली होती. चूक त्यांचीच. जिज्ञासानं फोनवर "आम्ही सैनिकांवर गेम करतोय, तुमचा सल्ला हवाय" म्हटलं, त्यातला सल्ला हा शब्द त्यांना आवडला होता.

गेममधले सैनिक पहिल्याच दिवशी पडद्यावर पाहिले तेव्हाच या पोरांविषयीचं त्यांचं मत पक्कं झालं. माणसं संपलेल्या एका शहरात बारा यंत्रशिपायांची पलटण उरली आहे, पहारा देते आहे, कुणासाठी ते तिलाच ठाऊक नाही. शिपायांच्या कमरा मुठीत मावतील अशा. केस वाऱ्यावर उडताहेत. कुणाकडे पाण्याची बाटली नाही, कुणाच्या बुटाला चिखल नाही. तलवारी मात्र त्यांच्याहून लांब. शत्रूचा एक यंत्रराक्षस पडला की शिपायाच्या डोक्यावर आकडा चमके: अनुभव अधिक पन्नास.

"अनुभव असा येतो?" हिंदुरावांनी विचारलं होतं.

"गेममध्ये येतो," धम्मदीप म्हणाला होता.

"आणि मेला की?"

"मागच्या चौकीवरून परत सुरू."

हिंदुराव घरी जाऊन बायकोला म्हणाले, "शिकलीसवरलेली पोरं आहेत. बाहुल्या खेळतात."

तरी ते येत राहिले. रिकामा दिवस मोठा असतो हे एक. दुसरं म्हणजे जिज्ञासा त्यांना भीमाच्या हकिकतीमुळे ओळखत होती.

ती उल्हासनगरच्या शाळेत नववीत असताना हिंदुराव सव्वीस जानेवारीला पाहुणे म्हणून आले होते. निवृत्तीनंतर त्यांना अशी बोलावणी वर्षातून चार-पाच तरी येत आणि प्रत्येक ठिकाणी ते एकच हकिकत सांगत. वर उत्तरेत, पहाटे, नाल्यात त्यांच्या तुकडीवर गोळीबार झाला. भीमाला, त्यांच्या तुकडीतल्या दोस्ताला, पोटात लागलं. हिंदुरावांनी त्याला खांद्यावर टाकलं, गुडघाभर पाण्यातून नाला ओलांडला आणि पोस्टवर आणलं. "मित्राला आम्ही मागं ठेवत नाही," या वाक्यावर ते थांबत. टाळ्या तिथंच पडत. टाळ्या वाजवणाऱ्यांविषयीही त्यांना फारसा आदर नव्हता. वीस मिनिटांनी ही सगळी वडापावच्या रांगेत असणार, हे त्यांना दिसत असे.

भीमा बारवी धरणाच्या पलीकडच्या एका ठाकूरवाडीतला होता. बदलापुरातल्या हिंदुरावांच्या घरापासून रिक्षानं पाऊण तास. त्या वाडीच्या शाळेनं त्यांना कधी बोलावलं नव्हतं, आणि त्यांनीही कधी चौकशी केली नव्हती.

"मला तुमचं ते बोलणं अजून आठवतं," जिज्ञासा पहिल्या दिवशी म्हणाली होती. "हा प्रसंग मी त्यातूनच लिहिला. पलटणीतला एक शिपाई मोडून पडतो. खेळणाऱ्यानं त्याला उचलून बोगद्यातून पलीकडच्या दारापर्यंत न्यायचं."

गोष्ट चोरली, असं हिंदुरावांना तेव्हा वाटलं होतं. पण त्यात थोडा मानही होता.

त्यांनी धम्मदीपला आणखी तीनदा उचललं.

"काका, तुमचा हा हात कुठे असतो?" जिज्ञासानं पडद्याकडे बघत विचारलं. "दर वेळी वेगळ्या जागी दिसतोय."

"कुठंही असतो. असल्या गोष्टी बघायला तिथं वेळ नसतो."

धम्मदीपनं चहा आणला. चहा पिता पिता जिज्ञासा म्हणाली, की या प्रसंगाचं काही जमत नाहीये. बाहेरच्या त्रेचाळीस जणांना खेळायला दिलं. एकेचाळीस जणांनी जखमी शिपायाला वाटेत टाकलं.

"टाकलं म्हणजे?"

"खांद्यावर घेतलं की चालीचा वेग कमी होतो. तलवार चालत नाही. शत्रू आला की लोक त्याला खाली ठेवतात, लढतात आणि तसेच पुढे जातात."

"नेलाच पाहिजे असं करा."

"सक्ती केली तर अर्थ काय राहिला?"

हिंदुरावांनी कप खाली ठेवला. "एकेचाळीस. वाटलंच होतं मला. ही तुमची पिढी. खुर्चीत बसून, पंख्याखाली, एक डबा उचलून नेववत नाही. खऱ्या माणसाचं काय करणार तुम्ही?"

"तसं नाही हो काका," धम्मदीप म्हणाला. "खेळताना तुमचंही..."

"माझं काय?"

"काही नाही."

"आण ते तुझं रिमोट."

धम्मदीपनं जिज्ञासाकडे पाहिलं. मग कंट्रोलर आणून हिंदुरावांच्या हातात दिला. या बटणानं चालायचं, यानं उचलायचं, यानं वार. हिंदुरावांना अर्धा तास लागला. पहिल्यांदा शिपाई भिंतीलाच धडका देत राहिला, ते स्वतःवरच चिडले. पण बोटांना हळूहळू कळत गेलं. बोगद्यात शिरल्यावर वळणाशी तो जखमी यंत्रशिपाई पडलेला दिसला. पाय तुटलेला, छातीतून निळा उजेड झिरपतोय. हिंदुरावांनी त्याला उचललं.

खांद्यावरचा शिपाई बोलत होता. "डावीकडे पायऱ्या आहेत." थोड्या वेळानं, "अजून किती?" मग पुन्हा, "अजून किती?"

"फार बोलतो हा," हिंदुराव म्हणाले.

अर्ध्या वाटेवर वरून दोन यंत्रराक्षस उतरले. हिंदुराव पुढे सरकले, पण एकाचा फटका बसला आणि पडद्याची कड लाल झाली. त्यांनी जखमी शिपायाला भिंतीशी नीट टेकवून ठेवलं. वळले. पहिला राक्षस तीन वारांत गेला. दुसरा चिवट निघाला, मागे मागे सरकत राहिला. हिंदुराव त्याच्या पाठी गेले, खुर्चीच्या कडेवर येऊन बसले, दात आवळले, आणि अखेर तो कोसळला तेव्हा शिपायाच्या डोक्यावर भलामोठा आकडा चमकला. समोर दार होतं. ते उघडलं. शिपाई आत गेला आणि मागे दार बंद झालं.

"जमलं की," हिंदुराव म्हणाले. कपाळावरचा घाम त्यांनी मनगटानं पुसला आणि त्या दोघांकडे पाहिलं.

दोघंही पडद्याकडे बघत होती. जिज्ञासा काही लिहीत नव्हती. धम्मदीपनं चष्मा काढून टीशर्टाला पुसायला घेतला.

मग हिंदुरावांच्या लक्षात आलं.

"मागं कसं जायचं?"

"दार एकदा बंद झालं की नाही जाता येत काका," धम्मदीप हळूच म्हणाला.

"मी त्याला न्यायलाच येणार होतो. लढायला तेवढा ठेवला होता."

"हो," जिज्ञासा म्हणाली. "सगळे तेच म्हणतात."

ती कुत्सितपणे बोलली नव्हती. पण हिंदुरावांना ते तसंच ऐकू आलं. त्यांनी कंट्रोलर टेबलावर ठेवला, आत जाऊन कपडे बदलले आणि "भिकार खेळ आहे" असं दाराकडे बघत म्हणून जिना उतरले. लिफ्ट तिथंच उभी होती, तरी.

पुढचे आठ दिवस त्यांनी फोन घेतला नाही. बदलापूर गावातल्या कट्ट्यावर बसले की ते या पोरांची नक्कल करून दाखवत. काळा पोशाख, उडणारे केस, अनुभव अधिक पन्नास. कट्टा पोट धरून हसे. नवव्या दिवशी मात्र नक्कल करता करता ते मध्येच थांबले, आणि पुढे काय म्हणून कुणी विचारलं तर म्हणाले, "काही नाही. मूर्ख आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास ते न कळवता चिखलोलीला गेले. दार जिज्ञासानं उघडलं.

"झोप रे," ते आत येत धम्मदीपला म्हणाले.

"सूट घालायचाय का काका?"

"नको. नुसतं बघा."

त्यांनी धम्मदीपला गादीवरून उठवून बसवलं, मग वाकून त्याच्या पोटाखाली खांदा घातला आणि एका दमात उभे राहिले. या वेळी त्यांनी श्वास लपवला नाही. उजवा हात त्याच्या दोन्ही पायांमधून पुढे घेतला आणि छातीवर लोंबणारं धम्मदीपचं मनगट धरलं.

"हात इथं असतो. नेहमी. मागल्या वेळी मी चुकीचं दाखवलं."

"मनगट धरलं की तोल राहतो का?" जिज्ञासानं विचारलं.

"तोल राहतो. आणि एक हात रायफलीला मोकळा राहतो." त्यांनी पकड जरा वर सरकवली. "आणि बोटं नाडीवर राहतात. चालता चालता कळत असतं."

धम्मदीप उलटा लोंबत होता.

जिज्ञासानं त्या बोटांकडे पाहिलं. मग टेबलावरचा कंट्रोलर उचलून तळहातात धरला. "हा थरथरतो," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "मार बसला की थरथरतो ना. मग हेही करता येईल."

दोन आठवड्यांनी तिनं त्यांना बोलावलं. दुपारची वेळ होती. धम्मदीपनं पडदे ओढून घेतले. हिंदुराव खुर्चीत बसले. या वेळी त्यांना कुणी काही शिकवलं नाही. बोगदा, वळण, तुटलेल्या पायाचा शिपाई. त्यांनी त्याला उचललं आणि कंट्रोलर हातात धडधडू लागला. हलकेच, एकामागून एक. खांद्यावरचा शिपाई आता काहीच बोलत नव्हता. त्याची सगळी वाक्यं जिज्ञासानं काढून टाकली होती.

हिंदुराव दहा पावलं चालले असतील. मग त्यांनी अंगठा उचलला. पडद्यावरचा शिपाई ओझ्यासकट उभा राहिला. कंट्रोलर धडधडतच होता.

"काय झालं काका?" जिज्ञासानं विचारलं. "बरोबर नाही वाटत?"

"बकवास आहे."

धम्मदीपनं उसासा टाकला. जिज्ञासानं वही पुढे ओढली. "काय चुकलंय?"

"हे घड्याळ आहे. टिक टिक टिक. माणसाचे ठोके असे असतात का? ज्याला पोटात लागलंय त्याचे?" त्यांचा आवाज तोच होता, कट्ट्यावरचा, नाक वर केलेला. "दोन आठवडे बसून तुम्ही हे केलंत."

"मग कसे असतात?"

हिंदुरावांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला. उजव्या हाताची दोन बोटं टेबलाच्या कडेवर टेकवली. सुरुवातीला ती जोरात आणि भराभर पडू लागली, एकावर एक, जणू कुणी पळत सुटलंय. धम्मदीपनं पुढे वाकून हळूच मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं. हिंदुरावांना ते दिसलं, पण ते थांबले नाहीत. बोटं तशीच भराभर पडत राहिली, फक्त आवाज कमी कमी होत गेला. मग एक ठोका चुकला. पुढचा आला. दोन लागोपाठ आले, मग एक मोठी जागा रिकामी गेली, मग पुन्हा एक, इतका बारीक की तो ऐकू येण्याऐवजी नुसता दिसला. हिंदुराव टेबलाकडे बघत नव्हते. त्यांच्या ओठांची हालचाल होत होती, मोजताना होते तशी.

पुन्हा एक ठोका. थोड्या वेळानं आणखी एक.

मग त्यांनी बोटं उचलली.

जिज्ञासानं काही क्षण वाट पाहिली. "इथे बंद पडले?" तिनं अगदी हळू विचारलं.

"नाही," हिंदुराव म्हणाले. "इथं मी त्याला खाली ठेवला."

पडद्यावर शिपाई अजून बोगद्यात उभा होता. हिंदुरावांनी मांडीवरचा कंट्रोलर उचलून टेबलावर ठेवला, तिच्या वहीशेजारी, आणि तो जरा सरळ केला.

"पुढचे ठोके मला माहीत नाहीत," ते म्हणाले. "तेवढे तुमच्या मनानं घाला."