घाबरवायला नेणारी गाडी

मी एक जुनी पोलीसगाडी आहे. माझ्या खिडक्यांना जाळी आहे, मागच्या दाराला बाहेरून कडी आहे आणि आत समोरासमोर दोन लांब बाक आहेत. मित्रांनो, आज मी पोलीस ठाण्याच्या मागच्या आवारात उभी असते. चाकांत हवा नाही आणि बाकांवर धूळ साचली आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझा निळा रंग नुसता चकाकत होता. कैद्यांना न्यायालयात न्यायचे आणि परत आणायचे, एवढेच माझे काम. माझ्या चालकाला सगळे ड्रायव्हरकाका म्हणत. रोज सकाळी काच पुसताना ते मला विचारत, "काय बाईसाहेब, आज चालणार की रुसणार?" मी बहुधा चालत असे.

मग शहरात लहान मुले करत असलेल्या चोऱ्या वाढल्या आणि ठाण्याच्या मोठ्या साहेबांना एक कल्पना सुचली. शाळा बुडवणारी, काचा फोडणारी, दुकानातून वस्तू पळवणारी मुले माझ्यात बसवायची आणि त्यांना तुरुंग दाखवून आणायचा. तिथे दांडगे कैदी त्यांच्या अंगावर ओरडत. कोठडीचे दार धाडकन लावले जाई. परतताना मुलांची दातखीळ बसलेली असे. कोणाला उलटी होई, कोणी बाक घट्ट धरून बसे. त्यांची थरथर माझ्या पत्र्याला जाणवत असे. आईबाप मात्र साहेबांपुढे हात जोडत. वर्तमानपत्रात माझा फोटो छापून आला. साहेबांनी मला पुन्हा रंग दिला.

अशात एक संशोधक बाई आल्या. गुन्हे कशाने कमी होतात आणि कशाने होत नाहीत, हे पडताळून पाहणे हा त्यांचा व्यवसाय. त्यांनी साहेबांना विचारले, "याचा उपयोग होतो कशावरून?"

"अहो मॅडम, मुलं रडत उतरतात गाडीतून. आणखी कसला पुरावा हवा?"

"रडतात त्या दिवशी. पुढे काय करतात, ते कोणी पाहिलंय का?"

साहेबांना राग आला, पण माणूस सच्चा होता. कोणीच पाहिले नव्हते, हे त्यांनी कबूल केले. मग असे ठरले की जागा थोड्या आणि मुले पुष्कळ असल्यामुळे चिठ्ठ्या टाकायच्या. चिठ्ठी निघेल ते मूल माझ्यातून जाईल, बाकीची नेहमीसारखी शाळेत राहतील. दोन्ही गटांतल्या मुलांकडे बाई पुढे लक्ष ठेवणार होत्या. "मुलं सारखीच. फरक फक्त या गाडीचा," त्या म्हणाल्या. "मग गाडीनं काय केलं ते कळेल."

चिठ्ठ्या माझ्याच बॉनेटवर काढल्या. ड्रायव्हरकाकांची बहीण मुलाला घेऊन आली होती. त्याने शाळेच्या काचा फोडल्या होत्या.

"दादा, याचं नाव निघू दे रे. एकदा चांगला घाबरला की येईल ताळ्यावर."

"अगं, लहान आहे तो अजून."

"लहान आहे तोवरच घाबरेल ना!"

त्याचे नाव निघाले. बहिणीने सुटकेचा निःश्वास टाकला. काकांनी मात्र माझ्या आरशात आजवर पुष्कळ मुलांचे चेहरे पाहिले होते.

माझ्यात चढताना मुलाने विचारले, "मामा, परत आणशील ना मला?"

"आणीन रे राजा."

आणलाही. पण येताना तो पांढराफटक पडला होता. समोर बसलेल्या मोठ्या मुलानेही बाक घट्ट धरला होता, पण तो एकाएकी मोठ्याने हसू लागला. "घाबरट! मी नाही बुवा घाबरलो." भाच्याने त्याच्याकडे पाहिले आणि तोही हसू लागला. रडण्यापेक्षा ते हसणे भयंकर होते. उतरताना दोघांचे खांदे एकमेकांना चिकटलेले होते. पुढे चौकातून जाताना मला ते नेहमी जोडीनेच दिसत. "आम्ही तुरुंग बघून आलोय," अशी फुशारकी ते मारत, आणि धाकटी मुले त्यांना वाट करून देत.

एका दुपारी आम्हाला बाजारात बोलावले. एका दुकानदाराचे डोके फुटले होते आणि दोन मुले पकडली होती. काकांनी माझे मागचे दार उघडले आणि वळून पाहिले. शिपायाने ज्याचे मनगट धरले होते तो भाचा होता. शर्टावर रक्त होते.

"मामा, मी नुसतं ढकललं त्यांना. ते उठतच नव्हते."

काकांना किल्ली लावता येईना. दुकानदार वाचला, पण त्याचे बोलणे अडखळते झाले. भाच्याला सुधारगृहात धाडले.

नंतर बाई निकाल घेऊन आल्या. साहेबांशी त्या आवारातच बोलल्या. "गाडीतून गेलेल्या मुलांनी न गेलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे केले, साहेब."

"म्हणजे आम्ही काहीच केलं नसतं तर..."

"तर त्यांतली काही मुलं वाचली असती."

काका माझी काच पुसत होते. त्यांचा हात थांबला. "मॅडम, माझा भाचा वाचला असता?"

बाईंनी हातातला अहवाल मिटला. मग म्हणाल्या, "एकट्या त्याच्याबद्दल मला नाही सांगता येणार, काका. खोटा धीर देणार नाही मी तुम्हाला."

साहेबांनी त्याच दिवशी फेऱ्या बंद केल्या आणि आपले चुकले असे वर्तमानपत्रांना स्वतः सांगितले. आता अशा मुलांसोबत शाळा सुटल्यावर एक जाणते माणूस बसते. बाई तेही तपासून पाहत आहेत. भाचा सुटून आला, बेकरीत लागला. दार आपटल्याचा आवाज झाला की तो अजून दचकतो.

मित्रांनो, काल दुसऱ्या शहरातले अधिकारी आले होते. माझ्याभोवती फिरून त्यांनी पत्रा ठोकून पाहिला. "आमच्याकडेही पोरं फार बोकाळलीत. द्या ही गाडी आम्हाला." साहेबांनी पुन्हा पुन्हा "नको" म्हटले, पण वरून हुकूम आला होता. मग साहेबांनी बाईंचा अहवाल त्यांच्या हाती दिला. त्यांनी तो न उघडताच काखोटीला मारला आणि माझ्या कडीला तेल घातले. त्या थेंबाने माझा पत्रा शहारला.

मुलांचे भले व्हावे असेच त्यांनाही वाटते. याचीच मला धडकी भरते. ते मला न्यायला येतील, त्याआधी कोणीतरी त्यांना तो अहवाल वाचायला लावा.