पायाळू सून

ज्योत्स्नाने आधी निवृत्त पोस्टमास्तरांच्या पाया पडून घेतलं आणि मग त्यांच्या कमरेत लाथ घातली.

वडीलधाऱ्या माणसाला पाय लावायचा तर आधी नमस्कार करून घ्यावा, ही सासूबाईंची शिस्त. पोस्टमास्तर ओसरीतल्या सतरंजीवर पालथे पडले होते. ‘सुखी राहा’ असं त्यांनी सतरंजीला सांगितलं, लाथ खाल्ली, थोडा वेळ अंदाज घेतला, मग उठले आणि तडक चालू लागले. लाथ बसल्यावर मागे वळून बघायचं नसतं, उसण परत येते. त्यांची पिशवी ओसरीतच राहिली होती. हाका मारण्यात अर्थ नव्हता. हर्षल, म्हणजे ज्योत्स्नाचा नवरा, पिशवी घेऊन धावला आणि त्यांना ओलांडून पुढे जाऊन समोरून त्यांच्या हातात देऊन आला.

जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू. त्याची लाथ बसली की कमरेत भरलेली उसण उतरते, हे बऱ्हाणपुरात सगळ्यांना ठाऊक आहे. इतवाऱ्यातल्या या घरची सून पायाळू आहे, हेही आता बहुतेकांना ठाऊक झालं होतं. फक्त ती पायाळू नव्हती. हे मात्र या घरात फक्त तिला ठाऊक होतं. तिच्या आईलाही होतं, पण आई माहेरी, देडतलाईला असे.

झालं होतं ते असं. ज्योत्स्नाला बघायला मंडळी देडतलाईला आली, पोहे झाले, आणि निघताना हर्षलचे वडील आत्मारामशेठ अर्धे उठले नि तसेच राहिले. साड्यांच्या दुकानात गादीवर बसून बसून त्यांची कंबर कधीचीच निकामी झालेली. ना धड उभे, ना बसलेले, अशा माणसासमोर कुणी काय बोलणार? मुलीच्या दारात उसण भरली, हा शकुनही काही बरा नव्हता. सगळे एकमेकांकडे बघू लागले, तेव्हा ज्योत्स्नाची आई बोलून गेली, की काळजी करू नका, आमची ज्योत्स्ना पायाळू आहे. हे ऐकून सगळ्यांत जास्त धक्का आईलाच बसला. कुणीतरी ज्योत्स्नाच्या हातातला चहाचा ट्रे काढून घेतला. होणाऱ्या सासऱ्याच्या कमरेत तिने डोळे मिटून लाथ मारली आणि आत्मारामशेठ सरळ झाले. घाबरून झाले असतील. लग्न तिथेच ठरलं.

सासूबाईंना, सुशीलाबाईंना, खोटं खपत नसे. हर्षलसाठी आधी आलेलं एक स्थळ त्यांनी मुलीची उंची दोन बोटं वाढवून सांगितली म्हणून परत पाठवलं होतं. मुलीला भिंतीला उभी करून, डोक्यावर पट्टी ठेवून मापली होती म्हणे. ती पेन्सिलीची खूण ओसरीत अजून होती. ज्योत्स्ना रोज तिच्यासमोरून केर काढी.

हर्षलचं वेगळंच. त्याने मोबाईलच्या नकाशावर घर टाकलं होतं. ‘पायाळू केंद्र, इतवारा’. लोक तारे देत. एकाने दोनच दिले होते आणि खाली लिहिलं होतं, ‘लात में दम नहीं, पर घर के लोग अच्छे हैं.’ तेव्हापासून रोज सकाळी हर्षल तिला सांगे, “टेन्शन मत ले, फक्त जरा जोर लगा.”

पायाळू माणसावर वीज पडते म्हणून आभाळ आलं की तिला गच्चीवर जायची बंदी होती. वाळवण काढायला सासूबाई जात. या खोट्यातून तिला मिळालेला एवढाच काय तो आराम. बाकी प्रत्येक लाथेनंतर समोरचं माणूस उठेपर्यंत तिचा श्वास अडकलेला असे. खरं तर तिला दुसरं काहीतरी येत होतं. माहेरी ती लसूण-ओवा घालून तापवलेल्या तेलाने आईची पाठ चोळायची, बोटांना गाठ सापडायची, अंगठ्याखाली ती हळूहळू विरघळायची. एकदा इथेही तेलाची बाटली काढली, तर सासूबाई म्हणाल्या, गुण पायात असतो, हातात वाटून घालवू नकोस.

आज रविवार. ओसरीत तिघंचौघं बसलेली. रिक्षा थांबली आणि तिच्यातून एक म्हातारी कमरेत काटकोनात वाकलेली उतरली. तिला लोकांचे फक्त पाय दिसत असावेत, कारण ती चपलांना रस्ता विचारत आली.

ज्योत्स्नाने तिला आवाजावरून ओळखलं आणि ती मागे भिंतीपर्यंत सरकली.

देडतलाईची भागाबाई. सुईण. ज्योत्स्ना तिच्याच हातावर झालेली. बाजारात कधीही भेटली की भागाबाई तिच्या डोक्यावर बोटाने टकटक करायची आणि दुकानदाराला सांगायची, की हे टाळकं सगळ्यांत आधी मी पाह्यलं, अशी घाई पोरीला, पदर खोचायलाही सवड दिली नाही. अख्ख्या गावाला ते पाठ होतं.

सुशीलाबाईंनी गाव विचारलं. देडतलाई म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. आमची सून तिथलीच की. काम काय करता? सुईणपण ऐकल्यावर तर त्या पाटावरून उठल्याच.

“म्हणजे आमची ज्योत्स्ना तुमच्याच हातची?”

भागाबाईने मान तिरकी करून वर बघायचा प्रयत्न केला. ज्योत्स्ना भिंतीला टेकून उभी होती, बरोबर पेन्सिलीच्या खुणेशेजारी.

“वं माय,” भागाबाई म्हणाली. “तू व्हय?”

म्हातारीचा हात वर उठला, नेहमीसारखं एक बोट पुढे. ज्योत्स्नाला ते बोट स्वतःच्या डोक्याकडे येताना दिसत होतं आणि हलता येत नव्हतं.

“बरं झालं बाई तुम्ही आलात,” सुशीलाबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा बोलल्या. “लोकांना फार शंका. आता तुम्हीच सांगा यांना, पाय आधी आले होते ना हिचे?”

हर्षलने मोबाईल वर धरला, व्हिडिओसाठी.

भागाबाईचं बोट हवेत राहिलं. तिने पुन्हा मान तिरकी करून सासूकडे बघितलं, मग सुनेकडे. मग तो हात सावकाश खाली गेला आणि ज्योत्स्नाच्या घोट्यावर टेकला.

“हिले इसरीन का मी?” ती म्हणाली. “पायच आले पह्यले. डोकं निघता निघेना. घाम फुटला मले.”

सुशीलाबाईंनी ओसरीभर नजर फिरवली. हर्षल म्हणाला, “एक बार फिर से बोलो ना, मावशी.” भागाबाईने त्याच्याकडे लक्ष न देता सतरंजी चाचपली आणि कण्हत पालथी झाली.

ज्योत्स्ना तिच्या पाया पडली, आणि पडल्यावर उठायला तिला जरा वेळच लागला. मग तिने पाय उचलला. ज्या हातांनी आपल्याला डोकं धरून बाहेर काढलं त्या बाईला लाथ मारायची म्हणजे नेमकी कुठे मारायची, हे तिला कळेना. शेवटी तिने पाऊल नुसतं टेकवलं.

“अशी नाही,” भागाबाई सतरंजीत तोंड खुपसून पुटपुटली. “सारे पाहून राह्यले. मार.”

तिने मारली.

भागाबाई थोडा वेळ पडून राहिली. मग हात टेकून, गुडघा टेकून ती उठली आणि उभी राहिली. सरळ. ओसरीत बायकांनी ‘अगं बाई’ केलं. भागाबाई हसली, तिच्या कपाळावर घाम होता. वळून न बघता ती दारातून बाहेर पडली, ताठ, डोक्यावर घागर असल्यासारखी.

सुशीलाबाईंनी पुढच्या माणसाला सतरंजी झटकून दिली. ज्योत्स्ना पाणी प्यायला म्हणून वर गेली आणि सज्जातून खाली बघितलं.

भागाबाई गल्लीच्या वळणापर्यंत ताठ गेली. वळणावर तिने एकदा कान देऊन मागची चाहूल घेतली. मग तिचा एक हात भिंतीवर गेला, दुसरा कमरेवर, आणि ती हळूहळू, एकेक मणका मोजल्यासारखी, पुन्हा काटकोनात वाकली. बंद दुकानाच्या ओट्यापर्यंत तिला जाता येईना.

ज्योत्स्नाने फळीवरची तेलाची बाटली घेतली. ओसरीतून जाताना सासूबाईंनी विचारलं, कुठे. तिने उत्तर दिलं नाही. पालथा पडलेला माणूस मान वर करून वाट बघू लागला.

वळणावर पोचून ज्योत्स्नाने हाक मारली. भागाबाईने वळून बघितलं.

“पाहू नये मागं,” भागाबाई म्हणाली. “आता उसण परत येईन.”

“गेली कुठे होती?” ज्योत्स्ना म्हणाली. तिने म्हातारीला ओट्यावर बसवलं, मागे बसली, तळहातावर तेल घेतलं आणि लुगड्याच्या कासोट्याच्या वर बोटं ठेवली. गाठ लगेच सापडली, सुपारीएवढी. अंगठा तिच्यावर रुतला तशी भागाबाईने दातांवर दात धरले आणि मग बऱ्याच वेळाने श्वास सोडला.

“तुही सासू सज्जात उभी हाय.”

“असू दे.”

“हातानं करून राह्यली तू. काय सांगशीन तिले?”

ज्योत्स्नाने अंगठा काढला नाही. सज्जाकडे बघायचा धीर मात्र तिला होत नव्हता. वरून हाक येईपर्यंत तिने तीच गाठ चोळली.

“ज्योत्स्ना.”

“हो, आई.”

सासूबाई सज्जाच्या कठड्यावरून वाकल्या.

“गार तेल चोळू नकोस बाईंना. बाटली आण वर, तापवून देते. आणि ओवा घातलाय का त्यात?”

ज्योत्स्नाचे हात थांबले. भागाबाईने, यावेळी मागे न बघता, हात खांद्यावरून पाठीमागे नेला, चाचपत तिचं डोकं शोधलं, आणि त्यावर बोटाने टकटक केलं.