शून्यातून न जाणारी रेघ

वहिनीची गाडी पळताना कुणाला ऐकायची नाही; उभी राहिली की मात्र मान टाकायची. गेल्या वर्षी घाटातल्या शर्यतीआधीच्या तपासणीत तेच झालं. नियम साधा आहे: गाडी उभी, दिवे आणि पंखा चालू, आणि इंजिन दोन मिनिटं आपलं आपण चाललं पाहिजे. वहिनीचं चाळिसाव्या सेकंदाला बंद पडलं. हेल्मेट काखेत मारून ती घरी आली, आणि पुढचा आठवडाभर कुणी घाटाचं नाव काढलं नाही.

यंदाची तपासणी रविवारी सकाळी नऊला होती. मी पिण्याचं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. शनिवारी दुपारी काम संपवून दादाच्या गॅरेजमध्ये गेले, तर बॉनेट उघडं होतं आणि दादा स्टुलावर बसून लॅपटॉपकडे रागाने बघत होता.

"लाव दिवे," तो म्हणाला.

आत बसलेल्या वहिनीने दिवे लावले. इंजिनाने दोन उचक्या दिल्या आणि ते गप्प झालं.

"आता म्हण, वीज कमी बनते, अल्टरनेटर बदलू या," वहिनी म्हणाली. "दोन बदलून झाले. तिसरा बदललास तर मी नवराच बदलीन."

दुखणं मोठे इंजेक्टर बसवल्यापासूनचं होतं. इंजेक्टर म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या तोट्या. आता मिनिटाला जवळजवळ दुप्पट पेट्रोल येणार, हे दादाने इंजिनाच्या कॉम्प्युटरला सांगितलं होतं. तेवढ्याने भागेना, म्हणून वर्षभर तो कानाने ऐकून, नाकाने धूर हुंगून कॉम्प्युटरमधल्या पेट्रोलच्या तक्त्यातले आकडे एकेक चौकोन करत वाढवत होता. कमी वेगाच्या कोपऱ्यात ते टेंगळांसारखे वर आले होते.

"इथेच एवढे का फुगलेत?" मी विचारलं.

"तिथे इंजिन उपाशी राहतं म्हणून."

"आणि दिवे लावले की आणखी उपाशी?"

"शास्त्रीणबाई, तुमचं पाणी वेगळं, आमचं पेट्रोल वेगळं."

"मोजायला दोन्ही सारखंच."

मी प्रयोगशाळेत परत जाऊन काचेची चार मोजपात्रं आणली. शटर पूर्ण वर केलं, आग विझवायचं नळकांडं हाताशी ठेवलं. दादाने कुरकुरत चारही इंजेक्टर बाहेर काढले आणि प्रत्येकाखाली एक पात्र ठेवलं. इंजिन बंद, म्हणून बॅटरीला चार्जर लावून व्होल्टेज चौदावर ठेवलं आणि कॉम्प्युटरला हुकूम दिला: हजार वेळा उघडायचं, दर वेळी दोन मिलिसेकंद. प्रत्येक पात्रात दहा मिलिलिटर आलं. मग चार मिलिसेकंद: अठ्ठावीस.

"दुप्पट वेळेला जवळजवळ तिप्पट पेट्रोल," वहिनी वाकून बघत म्हणाली. "म्हणजे आधीच्या खेपेला कुणीतरी खाल्लं."

सहाला सत्तेचाळीस, आठला पासष्ट. आलेखाच्या कागदावर चार ठिपके दिले. ते पट्टीच्या कडेला बिनतक्रार बसले. रेघ मागे ओढत नेली, तर ती शून्यातून गेली नाही. आडव्या, मिलिसेकंदांच्या अक्षाला ०.९ वर टेकली.

हुकूम मिळाल्यावर इंजेक्टरला नुसतं उघडायलाच ०.९ मिलिसेकंद लागत होते. भरधाव गाडीत हुकूम दहा-बारा मिलिसेकंदांचा असतो, तिथे ही चोरी कळत नाही. गाडी उभी असताना हुकूमच दोनचा. त्यातला जवळजवळ निम्मा वाया.

"दिवे लावल्यावर व्होल्टेज किती होतं?"

"चौदाचं बारा," दादा म्हणाला. आता तो स्टुलावरून उठला होता.

चार्जर बारा व्होल्टवर आणून पुन्हा सगळं मोजलं. दोनच्या हुकमाला साडेसहा मिलिलिटरच आलं. दुसरी रेघ पहिलीला समांतर गेली आणि १.३ वर टेकली. वीज कमी मिळाली की इंजेक्टर आणखी उशिरा जागा होत होता. कॉम्प्युटरमध्ये या उशिराचा वेगळा तक्ता होता. दादाने तो कधी उघडलाच नव्हता. तिथे अजून जुन्या, लहान इंजेक्टरांचे आकडे होते.

"भर मग नवे," दादा म्हणाला.

"भरते. पण तुझे फुगवलेले चौकोन मूळ आकड्यांवर आणावे लागतील. नाहीतर आता पेट्रोलने गुदमरेल."

"सगळे?"

"या कोपऱ्यातले सगळे."

दादाकडे त्या आकड्यांची वही होती. प्रत्येकापुढे तारीख, हवा थंड की गरम, धुराचा वास. त्याने वहिनीकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" ती म्हणाली. "रेघेकडे बघ."

त्याने पट्टी उचलून दोन्ही रेघा पुन्हा लावून पाहिल्या, कागदावरची घरं बोटाने मोजली. मी लॅपटॉप ओढला, तर त्याने माझा हात बाजूला केला.

"माझे आहेत. मीच पुसतो."

इंजेक्टर परत बसेपर्यंत ऊन शटरच्या बाहेर गेलं होतं. शेवटचे दोन चौकोन दादाने कानानेच जुळवले. तिथे माझ्या पट्टीपेक्षा त्याचा कान सरस होता, आणि मी तसं म्हणाले. मग चहा त्याने केला.

रविवारी रांगेत तपासनीस पाटी घेऊन आला. "बाई, गाडी तीच का?"

"गाडी तीच," वहिनी म्हणाली.

"दिवे. पंखा."

इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा काटा साडेआठशेवरून आठशे वीसवर आला आणि परत साडेआठशेवर जाऊन बसला. दादा जमिनीकडे बघत ओठ हलवत मोजत होता. चाळीस झाले. साठ. एकशे वीसला तपासनिसाने घड्याळ खिशात टाकलं आणि काचेवर हिरवा कागद चिकटवला. दादा मात्र पुढेही मोजत राहिला. मी कोपराने ढोसलं तेव्हा थांबला.

त्या दिवशी वहिनीच्या गटात तिच्याइतक्या लवकर घाटमाथा कुणी गाठला नाही. दुसरा आला तो चार सेकंदांनी मागे. ती खाली परत आली ती भर उन्हात सगळे दिवे लावून, पंखा घुमवत, कोरड्या काचेवर वायपर फिरवत. आमच्यासमोर गाडी उभी केली, उतरली, दार लोटलं आणि हेल्मेट माझ्या हातात दिलं.

"वन्सं, धरा."

"इंजिन बंद कर की," दादा म्हणाला.

"कशाला?" ती बॉनेटला टेकली. "चालू दे."

बक्षीस घ्यायला तिचं नाव पुकारेपर्यंत पाऊण तास गेला. इंजिन चालूच होतं.