जगनला पाठवलेले वाल

आईच्या दहाव्याला कावळा शिवेना.

रोह्याला कुंडलिकेच्या घाटावर आम्ही सकाळी आठलाच पोचलो होतो, आणि आता साडेदहा होत आले होते. विधी चुलतभाऊ दत्तात्रेयने केले, कारण माझा सख्खा धाकटा भाऊ जगन कतारला होता आणि त्याच्या कंपनीने सुट्टी दिली नव्हती. पिंड मांडून सगळे मागे सरकले. समोरच्या पिंपळावर सात-आठ कावळे बसले होते. एरवी वाळत घातलेल्या सुकटीवर झडप घालणारी ही जात, आज मात्र सोवळ्यात असल्यासारखी लांब.

मग वचनं सुरू झाली. "काकी, गावाकडचं कासूचं घर इकणार नाय," दत्तात्रेय म्हणाला. "बायजे, पोरांकडं मी बघीन," असं आईचा भाऊ, काळुराममामा म्हणाला. माझ्या नवऱ्याला काय वचन द्यावं तेच सुचेना, तो नुसता हात जोडून उभा राहिला. कावळे हलले नाहीत.

"जगनला फोन लावा," मागून कुणीतरी म्हणालं. "तिचा जीव त्याच्यात आडाकलाय."

मी फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि पिंडाजवळ धरला.

"आये," जगन म्हणाला, "मी कायमचा येतो गो. कासूच्या घरात ऱ्हातो. आता तरी शिव."

काही नाही. लोक माझ्याकडे बघायला लागले. मी मान खाली घातली, कारण आई कशाला अडली आहे ते मला एकटीलाच माहीत आहे, असं मला वाटत होतं.

जगन चार वर्षांपूर्वी एसी दुरुस्तीच्या कामावर गेला. पहिली दोन वर्षं बरी गेली. मग त्याचं मन वर-खाली व्हायला लागलं. एखाद्या आठवड्यात फोनवर नुसता बडबडायचा, घरावर माडी चढवतो, आईला विमानात बसवतो. पुढच्या आठवड्यात खाटेवरून उठायचा नाही. शिफ्ट बुडायची. "ताय, छातीवर भाताची गोण ठेवल्यागत वाटतं," म्हणायचा. "मी येऊ काय परत?"

आणि मी शहाणी काय म्हणाले? "थोडी कळ काढ. सगळ्या गावाला पेढे वाटून गेलायस, असा मधीच आलास तर लोक काय म्हणतील? आणि आयेला यातलं काय सांगू नको, तिचं काळीज कमजोर हाय."

कमजोर काळीज! बाबा गेल्यावर सगळी शेती एकटीने ओढणारी बाई ती. भीती मला होती, लोकांची. सासरी मी भावाच्या नोकरीची इतकी फुशारकी मारून ठेवली होती की आता सांगायचीही लाज वाटते.

तेव्हा जगन दर शुक्रवारी आईला "मजेत हाय" सांगायचा आणि मग मला फोन करून रडायचा. तिथल्या डॉक्टरकडे गेला, गोळ्या घेतल्या, तेही मलाच ठाऊक. घरून तो एकच गोष्ट मागायचा, कडवे वाल. ते भिजवायचे, मोड आणायचे आणि सुट्टीच्या दिवशी एकेक दाणा सोलत बसायचं. "सोलताना डोकं गप ऱ्हातं," म्हणायचा. खोलीतले सोबती त्या वालांचं बिरडं चाटूनपुसून खायचे. आपल्याकडचा कुणी सुट्टी संपवून तिकडे निघाला की त्याच्या सामानात आम्ही जगनचे वाल कोंबायचो. आधी दोन किलो, मग पाच, मग दहा. आई ते निवडून, ऊन दाखवून, पिशवीचं तोंड शिवून द्यायची. विचारायची काहीच नाही.

दुखणं वाढल्यावर मी तिला रोह्याला माझ्याकडे आणलं. शेवटच्या आठवड्यात ती एकदाच म्हणाली, "जगन बरा हाय ना गो?"

"मजेत हाय," मी म्हटलं.

"बरं," म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

माझं हे खोटं बरोबर घेऊन ती गेली, म्हणून कावळा येत नाही, असं माझ्या मनाने घेतलं. पण चारचौघांत भावाचं दुखणं उघडं कसं करायचं?

तेवढ्यात फोनमधून जगनच बोलला. "आये, मी खोटं बोललो. मी बरा नाय. दोन वर्सं झाली, मी बरा नाय गो." आणि सगळा घाट ऐकत असताना तो हुंदके देऊन रडायला लागला. बायकांनी पदर तोंडाला लावले. मी पिंपळाकडे बघितलं, म्हटलं, आई, आता तरी. एक कावळा उठला, पिंडावरून फिरला आणि नदीपलीकडे निघून गेला.

काळुराममामा मटकन पायरीवर बसला. "तिला म्हायती व्हतं, कुंदे," तो मला म्हणाला.

"काय म्हायती व्हतं?" मी विचारलं.

"जगनचं. मला म्हनली, काळू, एकट्या मानसाला दहा किलो वाल? घरात चार बायका सोलायला बसतात तरी कंटाळतात. ज्याला करमतंय तो कशाला सोलत बसंल? पोराचं मन ठिकाणावर नाय. मी म्हनलं, मग इचार की त्याला. तर म्हनली, नको. तो लपवतो, कुंदा लपवते, माझ्यापायी लपवतात. मला कळलंय हे समजलं तर दोघांचा धीर सुटंल. तू बोलू नको, तुला माझी आन हाय." मामाने उपरण्याने डोळे पुसले. "आज मोडली आन. बायजे, माफ कर."

त्या दिवशी भिंतीकडे वळली ती मला सांभाळायला. मी समजत होते, मी तिला सांभाळते आहे. मरायला टेकलेल्या बाईला पोराच्या नावाने एकदा मोकळं रडता आलं असतं, तेवढंही मी तिला मिळू दिलं नाही. याची माफी कुणाकडे मागायची ते मला आजही कळलेलं नाही.

"ऊन चढलं," गुरुजी म्हणाले. "दर्भाचा कावळा करून शिववू या का? शास्त्रात चालतं." मी मान डोलावली. त्यांनी गवताच्या चार काड्या वळल्या, दत्तात्रेयने तो कावळा पिंडाला टेकवला आणि लोक आंघोळीला नदीत उतरले.

फोन चालूच होता. जगनने सगळं ऐकलं होतं. मी स्पीकर बंद करून फोन कानाला लावला.

"ताय, शिवला काय गो?"

'शिवला' असं अगदी ओठांवर आलं होतं. दोन वर्षांची सवय. "नाय," मी म्हटलं. "दर्भाचा करावा लागला."

"मी खरंच येऊ काय?" त्याने विचारलं.

"ये."

"आये नाय आता तिथं."

"नाय," मी म्हटलं. "तरी ये."