थोडंफार येतं

"दोन," उर्पो म्हणाला आणि त्याने संगणकाचा पडदा माझ्या टेबलाकडे वळवला. "आठांपैकी दुसरीच पायरी. मिर्या, तूच बघ."

मी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. पडद्यावर संगणक किती येतो याच्या परीक्षेचा निकाल होता. नाव आयली तोलोनेन, वय वीस, आणि त्याखाली हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, 'प्राथमिक वर्गासाठी पात्र'. प्राथमिक वर्ग म्हणजे माउस कसा धरायचा इथपासून सुरुवात.

आयली समोरच्या खुर्चीत बसली होती. तिने अंगातला जाड कोट काढला नव्हता आणि कानांवर ओढलेली टोपीही काढली नव्हती. म्हणजे केव्हाही उठून जायची तयारी होती.

"बरोबरच असेल," ती म्हणाली.

हाउकिसाल्मीतलं आमचं कार्यालय तरुणांसाठी आहे. दारावर निळी पाटी आहे, तिच्यावर पिवळ्या चांदण्यांचं कडं. शाळा सुटलेल्या, नोकरी नसलेल्या कोणाही तरुणाने आमच्याकडे नाव नोंदवलं की चार महिन्यांच्या आत त्याच्यापुढे काहीतरी ठेवायचं. काम, नाहीतर शिक्षण. ही हमी युरोपने दिली आहे आणि ती पाळायला आम्ही दोघं आहोत, मी आणि उर्पो. आयलीचे चार महिने त्या दिवशी संपत होते.

तिच्यापुढे ठेवण्यासारखं होतंही. गावातल्या बंद पडलेल्या कागद गिरणीत आता सर्व्हरचं केंद्र आहे. तिथे आठ महिन्यांचं प्रशिक्षण निघालं होतं, युरोपच्या निधीतून, विद्यावेतनासकट, आणि पुढे तिथेच नोकरी. जागा बारा, अट पाचव्या पायरीची, मुदत दुपारी चारपर्यंत. घड्याळात दोन वाजून गेले होते. नोव्हेंबर असल्यामुळे बाहेर आतापासूनच अंधारून येत होतं.

मागच्या वर्षीही ही मुलगी अशीच आली होती, अशीच दुसऱ्या पायरीवर अडकली होती आणि 'बरोबरच असेल' म्हणून निघून गेली होती. त्यानंतर अकरा महिने, जंगलाची वाट सोडली तर, तिने घरातून पाऊल बाहेर टाकलं नव्हतं, असं तिच्या आईने मला दुकानात सांगितलं होतं. या वेळी गेली तर ती परत येणार नव्हती. हे उर्पोला ठाऊक होतं आणि मलाही.

"आयली," उर्पो म्हणाला, "चाळीस प्रश्न होते. सगळ्यांना तू एकच उत्तर दिलंस. 'थोडंफार येतं.'"

"हो."

"चाळीसच्या चाळीस?"

"एकाला 'चांगलं येतं' लिहिलं होतं. मग बदललं."

"का?"

"जरा जास्त वाटलं."

मला हसू फुटलं. ते दोघं मात्र हसले नाहीत.

आमच्याकडे 'मला हे चांगलं येतं' असं कोणी म्हटलं की लोक आधी त्याच्याकडे आणि मग एकमेकांकडे बघतात. बढाईखोर हा शिक्का एकदा बसला की तो जन्मभर जात नाही. फॉर्म ब्रसेल्समध्ये, युरोपच्या मुख्य कचेरीत, हुशार माणसांनी तयार केला. आपली आपण परीक्षा घ्या, किती येतं ते खरंखरं सांगा. आख्खं तळं पोहून गेल्यावरही 'पोहता येतं का' या प्रश्नावर 'थोडंफार' म्हणणारा एखादा गाव असेल, हे त्यांच्या डोक्यात आलं नसावं.

उर्पो चौसष्ट वर्षांचा. चोवीस वर्षं त्याने गिरणीत काढली, तीन नंबरच्या कागदयंत्रावर. गिरणी बंद झाल्यावर तो इथे आला. शर्ट कडक इस्त्रीचा, खिशात शिसपेन्सिल, आणि बोलणं इतकं कमी की मी त्याला म्हणते, उर्पो, तुझ्या शब्दांवर कर लागतो का रे? दर गुरुवारी तो घरून वेलची घातलेले गोड पाव करून आणतो. त्या दिवशी गुरुवार होता. त्याने एक पाव बशीत घालून आयलीपुढे सरकवला, कॉफी ओतली आणि विचारलं, "काल काय केलंस?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"शिकारमंडळाचं बघत होते."

"त्यांचं काय बघतेस?"

मग एकेक वाक्य खेचून काढावं लागलं. शरदात आमच्याकडे एल्कची, म्हणजे घोड्याएवढ्या थोरल्या हरणाची, शिकार असते. चाळीस बंदुका जंगलात रांगा धरून उभ्या राहतात, कुत्रे सुटलेले असतात, आणि कोण कुठे उभं आहे हे प्रत्येकाला ठाऊक नसेल तर कोणाचाही जीव जाऊ शकतो. तीन वर्षांपूर्वी एकाच्या हातातल्या थर्मासमधून गोळी आरपार गेली. त्यानंतर आयलीने मंडळाच्या सौनाघरात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, कपडे बदलायच्या खोलीत, एक जुना संगणक बसवला. आता सगळ्या शिकाऱ्यांच्या आणि कुत्र्यांच्या जागा प्रत्येकाच्या फोनवर दिसतात, आणि कोणी आपली जागा सोडून दुसऱ्याच्या गोळीच्या टप्प्यात आलं की फोन थरथरतो.

"पण तिथे जंगलात सिग्नल कुठेय?" मी विचारलं.

"नाहीच. वणव्यावर नजर ठेवायचा जुना बुरुज आहे ना, त्याच्यावर अँटेना चढवली."

"कोणी चढवली?"

"मीच." तिने पावाचा तुकडा मोडला. "थोडंफार जमलं."

उर्पोने माझ्याकडे पाहिलं. नियमांत एक सवलत होती. काम डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाने साक्ष दिली, तर त्याच दिवशी परीक्षा पुन्हा देता येते. त्याने शिकारमंडळाचा म्होरक्या ताइस्तो याला फोन लावला आणि आम्हाला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

"ताइस्तो, उर्पो बोलतोय."

"हं."

"आयली तोलोनेनचं काम कसं आहे?"

पलीकडे कुत्रा भुंकला, मग थांबला.

"बरं आहे."

उर्पोची बोटं कळफलकावर तशीच राहिली. फॉर्ममध्ये शब्द होते 'समाधानकारक', 'उत्तम' आणि 'असामान्य'. 'बरं आहे' त्यांत नव्हतं. आता ताइस्तोच्या तोंडी 'बरं आहे' म्हणजे काय, हे गावात कोणालाही विचारावं. लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला त्याने प्याला उचलून बायकोकडे बघत एवढंच म्हटलं होतं, "बरं आहे," आणि ती बिचारी ढसाढसा रडली होती. पण ब्रसेल्सला हे कसं कळवणार?

"ताइस्तो, तीन शब्द वाचतो. त्यातला एक निवड."

"बरं आहे म्हटलं ना."

"तिच्या जागी दुसऱ्या कोणाला बसवशील का?"

या वेळी तो थांबला नाही. "त्या रांगेत माझा नातू उभा असतो, उर्पो. दुसरं कोणी बसलं तर मी पोराला जंगलात पाठवणार नाही." आणि फोन ठेवला.

आयली मान खाली घालून बशीतले साखरेचे कण बोटाने गोळा करत होती. तिचे गाल लाललाल झाले होते. उर्पोने ताइस्तोचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं आणि 'असामान्य'वर खूण केली. तीन वाजून पाच मिनिटं झाली होती.

"चल, पहिल्यापासून," तो म्हणाला. "पण या वेळी येतं का असं मी विचारणारच नाही. शेवटचं कधी केलंस तेवढं सांग."

"म्हणजे?"

"संगणकांच्या जाळ्यात बिघाड झाला तर तो शोधून दुरुस्त करणं. शेवटचं कधी?"

"रविवारी. बुरुजावर बर्फ साचला होता."

"केलंस?"

"केलं."

"मग 'चांगलं येतं'वर बोट ठेव."

"उर्पो, लोक काय म्हणतील?"

"ब्रसेल्समध्ये तुला कोण ओळखतंय?"

इतकी वर्षं एकाच खोलीत बसून मी त्याचा हा विनोद पहिल्यांदा ऐकला. असे ते पुढे सरकत गेले. माहिती सुरक्षित ठेवणं? मंडळातल्या सगळ्यांचे पासवर्ड तिनेच बदलून दिले होते, कारण चाळीसांपैकी एकोणतीस जणांनी पासवर्ड म्हणून आपापल्या कुत्र्याचं नाव ठेवलं होतं. नवं काही तयार करणं? शिकाऱ्यांच्या जागांचा नकाशा तिचाच. एकोणचाळीस प्रश्न झाले तेव्हा कोट तिच्या पाठीमागे खुर्चीवर होता. टोपी मात्र डोक्यावरच होती. घड्याळात चाराला दहा कमी होते.

चाळिसावा प्रश्न होता, 'मी हे दुसऱ्यांना शिकवू शकते.'

"हे नाही," आयली म्हणाली. तिने हात मागे घेतला. "हे मी नाही लिहिणार."

"मंडळातल्यांना फोन वापरायला कोणी शिकवलं?" मी विचारलं.

"ते वेगळं. ते म्हातारे आहेत."

"अगं, म्हाताऱ्यांना शिकवणं तर जास्त अवघड."

"नाही. शिकवू शकते म्हणजे मी त्यांच्यापेक्षा शहाणी, असं होतं. मी नाही म्हणणार." तिने उर्पोकडे पाहिलं. आमच्याकडे सगळे एकमेकांना एकेरीच हाक मारतात, पण त्या मुलीने म्हाताऱ्याला असं रोखून विचारावं, याचं मला नवल वाटलं. "तू भरला होतास का कधी असला फॉर्म? तू काय लिहिलंस?"

मी मान वळवून खिडकीबाहेर बघू लागले, कारण त्याचं उत्तर मला माहीत होतं.

"थोडंफार येतं," उर्पो म्हणाला.

आयलीने खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"गिरणी बंद पडली तेव्हा आम्हालाही असाच फॉर्म दिला होता. मला प्राथमिक वर्गात घातलं. सहा आठवडे मी माउस धरायला शिकलो." त्याने खिशातली पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली. "तीन नंबरच्या नियंत्रण कक्षात पंधरा वर्षं माझ्यासमोर अकरा पडदे होते. आख्खं यंत्र मी त्यांच्यावरून चालवायचो. कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. त्याच महिन्यात सर्व्हरवाले आले आणि त्यांनी पाचव्या पायरीच्या वरची चार माणसं घेतली. त्याच इमारतीत. मी पाचवा असतो."

इतकी सलग वाक्यं मी त्याच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. आणि ते सहा आठवडे वर्गात फळ्यापाशी जी बाई उभी होती ती मीच. हा माणूस मागच्या बाकावर शहाण्या पोरासारखा बसायचा, सांगितलेलं करायचा, आभार मानायचा. शेवटच्या दिवशी वर्गातल्या संगणकांचं जाळं बंद पडलं आणि त्याने ते चार मिनिटांत सुरू केलं, तेव्हा मला कळलं, आणि कळून उपयोग नव्हता. मी नंतर त्याला या कार्यालयात आणलं ते त्या शरमेपोटीच. हे मी त्याला कधी बोलले नाही. तेव्हाही बोलले नाही. पण डोळे भरून आले होते ते पुसले, कोणी बघितलं तर बघू दे म्हटलं.

चाराला चार मिनिटं कमी होती.

आयलीने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग पुढे वाकून चाळिसाव्या प्रश्नावर बोट ठेवलं, 'चांगलं येतं', आणि कोणी सांगायच्या आत 'पाठवा' दाबलं. पडद्यावरचं चक्र बराच वेळ फिरत राहिलं. मग आकडा आला, सहा.

"चुकून आला असेल," ती म्हणाली.

"पाव खा," उर्पो म्हणाला.

तिला जागा मिळाली. डिसेंबरात ती प्रशिक्षणाला जाऊ लागली. अधूनमधून गुरुवारी कॉफीला यायची, पाव खायची, दहाएक वाक्यं बोलायची आणि जायची. आमच्या मानाने ती वाचाळच झाली म्हणायची.

जूनमध्ये उर्पो निवृत्त झाला. भाषण नको, फुलं नकोत, असं त्याने महिनाभर आधीच बजावलं होतं. शेवटच्या दिवशी दुपारी तो टेबलाचा खण रिकामा करत असताना आयली दारात येऊन उभी राहिली. अंगात केंद्राचं करडं जाकीट, गळ्यात ओळखपत्र, हातात पाहुण्यांची आणखी दोन.

"चला," ती म्हणाली. "दोघंही."

गिरणी बंद झाल्यापासून उर्पोने त्या फाटकातून आत पाऊल टाकलं नव्हतं. घरी जायला तोच रस्ता जवळचा, पण तो तळ्याकडून वळसा घालून जायचा. त्या दिवशी तो मुकाट्याने तिच्या मागोमाग चालत राहिला. यंत्रांच्या मोठ्या दालनात आता काळी कपाटं रांगांनी उभी होती आणि एकसारखी घुं घुं चालू होती. एका कपाटापाशी आमच्याच कार्यालयाने पाठवलेली दोन नवी मुलं वायरी हातात धरून गोंधळून उभी होती. आयली थांबली, एकाच्या हातातली वायर घेतली, तिचा रंग दाखवला, कुठली कुठे ते सांगितलं, आणि त्याच्याकडून करवून घेतलं. दुसऱ्यालाही करायला लावलं. मग आम्हाला घेऊन पुढे निघाली. आपण आत्ता काय केलं याचा तिला पत्ताही नव्हता.

दालनाच्या टोकाला उर्पो थांबला. तिथे जमिनीत चार जुने, झिजलेले बोल्ट होते, बाकी काही नाही.

"तीन नंबर?" आयलीने विचारलं.

त्याने मान डोलावली. अकरा पडद्यांची ती खोली इथे होती. आता तिथून माणसाच्या कमरेएवढा जाड पाइप गेला होता. सर्व्हरच्या उष्णतेने तापलेलं पाणी त्यातून गावातल्या घरांना जातं. उर्पोच्या घरालाही गेले दोन हिवाळे तेच पाणी ऊब देत होतं. त्याने हात पुढे केला आणि तळवा पाइपवर टेकवला. बराच वेळ तो तसाच उभा राहिला. आम्ही दोघी बाजूला थांबलो.

"कसं वाटतंय?" आयलीने शेवटी विचारलं.

"बरं आहे," उर्पो म्हणाला.

"तीन शब्द वाचते," ती म्हणाली. "समाधानकारक, उत्तम, असामान्य. एक निवड."

"बरं आहे म्हटलं ना," तो म्हणाला. हात मात्र त्याने काढला नाही.