आदराने चिकटवलेली दोन बटणे

मित्रांनो, मी एक जुना वेल्डिंगचा सेट आहे. धक्का द्यायचा तो सेटने आणि खायचा तो माणसाने, असा तुमचा समज असेल. मला मात्र माणसांनीच धक्का दिला आणि तो अजून ओसरलेला नाही. थरथरायला मला हात नाहीत, एवढेच बरे. पण माझा पंखा त्या दिवसापासून कापतच फिरतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पोटात ट्रान्सफॉर्मर, कुशीत तारेचे रीळ, पाठीशी गॅसचे सिलिंडर आणि छातीवर दोन बटणे. डावे बटण व्होल्टेजचे, उजवे तारेच्या वेगाचे. तार जितकी भरभर सरकते तितका प्रवाह वाढतो आणि लोखंड खोलवर वितळते. वितळलेला धातू नीट पसरायचा की ढिगासारखा वर बसून राहायचा, हे व्होल्टेज ठरवते. लोखंड पातळ असले तर दोन्ही कमी, जाड असले तर दोन्ही जास्त, आणि दोघांचे आपापसांत जुळलेले हवे. एवढेच माझे शास्त्र.

मला एका मिस्त्रींनी विकत घेतले. तळमजल्यावर त्यांचे वर्कशॉप, वरच्या मजल्यावर घर. घरात त्यांना आबा म्हणत. आबांना एक खोड होती. कोणतेही काम सुरू करण्याआधी ते त्याच जाडीचे दोन भंगार तुकडे घेत, माझ्याकडून जोडून घेत, शिकंज्यात आवळत आणि हातोडीने तोडायला बघत. इतक्या मेहनतीने जोडायचे आणि लगेच तोडायचे! मला वाटे, माणूस सज्जन आहे, पण डोक्याने जरा हललेला दिसतो. जोड तुटला की ते बटणे किंचित फिरवत, पुन्हा जोडत, पुन्हा ठोकत. हातोडी हरली की म्हणत, "हां, आता बोल." मग मी दिवसभर बोलत असे.

पुढे आबांचे गुडघे कुरकुरू लागले आणि काम मुलाच्या हाती आले. शेवटच्या दिवशी आबा खिडकीची जाळी करत होते. त्यांनी दोन्ही बटणांपुढे लाल रंगाचा एकेक ठिपका दिला आणि मुलाला सांगितले, "ही जाळी संपेपर्यंत इथंच ठेव." मुलाने त्यातले शेवटचे दोन शब्द तेवढे लक्षात ठेवले.

एकदा शेजारच्या दुकानदाराने गंमत म्हणून माझी बटणे फिरवली आणि नव्या जाळीला भोके पडली. मुलगा असा काही भडकला की त्याने झटपट सुकणारा गोंद आणून दोन्ही बटणे लाल ठिपक्यांवर कायमची चिकटवली. "आबांची खूण आहे ही," तो म्हणाला. "कुणाच्या बापालाही हलवता येणार नाही!"

आपण नेमके कुणाच्या बापाबद्दल बोललो, हे त्याच्या लक्षात आले नसावे.

मी अवाक झालो. पण खोटे कशाला बोलू, सुखावलोही. दोन वर्षे जाळ्यांखेरीज काम आले नाही. दीड मिलिमीटरची नळी, माझे सतरा व्होल्ट आणि मोती ओवावेत तसा जोड. गिऱ्हाईक त्यावरून बोट फिरवून "वा!" म्हणत. भंगाराचे तुकडे जोडून तोडायची पद्धत बंद पडली. इतक्या कौतुकात शास्त्र कुणाला आठवते?

मग आबा न्हाणीघरात घसरले. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी बजावले की रोज स्वतःच्या हातांनी उठून बसायचे, नाहीतर अंथरूण कायमचे धराल. मुलाने ठरवले, पलंगावर लोखंडी कमान उभी करायची, वरून साखळीला मूठ टांगायची आणि आबांनी ती धरून उठायचे. बापाचे काम, त्यात कसूर नको म्हणून त्याने जाड नळ्या आणि दहा मिलिमीटरच्या पट्ट्या आणल्या. पैशाकडे पाहिले नाही. माझ्या बटणांकडेही पाहिले नाही.

चार जोड झाले. देखणे झाले. तेवढ्यात जिन्यावरून सूनबाई उतरल्या.

"अहो, आबा विचारतायत, जाळी कुणाची करताय?"

"जाळी कुठली? त्यांचीच कमान चाललीय."

"मग आवाज जाळीचा का येतोय म्हणाले. पडल्या पडल्या तासभर ऐकतायत."

"औषधाची गुंगी असेल त्यांना."

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाले, गुंगी तुझ्या नवऱ्याला आलीय. दोन तुकडे जोडून हातोडी मारायला सांगितलीय. आणि मी इथं उभं राहून बघायचंय."

मुलाने कुरकुरत दहा मिलिमीटरचे दोन तुकडे घेतले. मी झोकात जोड घातला. हातोडीचा एकच घाव बसला आणि माझा तो मोत्यांचा सर बरणीवरच्या कागदासारखा सुटून खाली पडला. खालच्या लोखंडाची कड जशीच्या तशी, कोरी. मी तिथे आत शिरलोच नव्हतो. नुसता वर जाऊन बसलो होतो.

मित्रांनो, दोन वर्षांची सगळी "वा!" माझ्या डोळ्यांपुढून गेली. मुलगा पांढराफटक पडला. त्याला काय दिसत होते ते मलाही दिसत होते: मूठ धरलेले आबा, आणि त्यांच्या डोक्यावर येणारी कमान.

"बटणं वाढवा ना मग," सूनबाई म्हणाल्या.

त्यांनी वाकून पाहिले, बटणांवरचा गोंद नखाने खरवडून पाहिला, आणि सरळ वर गेल्या. मग वरच्या खिडकीतून आबांचा आवाज आला, "चिकटवली? माझ्या नावानं? अरे, मला तरी कशाला सोडलंस, मलाही चिकटवायचं होतंस पलंगाला!"

पकडीने बटणे फोडावी लागली. आत उरलेल्या दांड्या पकडीनेच फिरवायच्या होत्या. व्होल्टेज एकवीस झाले, पण तार मागेच राहिली आणि वितळून मुलाच्या हातातल्या गनच्या तोंडालाच चिकटली. "तार उपाशी आहे!" वरून आवाज. मुलाने घाबरून तार एवढी वाढवली की ती पट्टीवर आपटून गनलाच मागे ढकलू लागली. "आता ढोसतेय! कमी कर. अजून थोडी. हां... हां... थांब!" माझा आवाज एकसारखा झाला, तापल्या तेलात काही तळावे तसा.

नवे तुकडे शिकंज्यात गेले. घाव मोजायला सूनबाई पुन्हा खाली आल्या. बाराव्या घावाला पट्टी वाकली, जोड नाही.

मुलाने कमानीचे चारही देखणे जोड ग्राइंडरने कापून काढले आणि पुन्हा केले. संध्याकाळी कमान वर गेली. आधी मुलगा तिला लोंबकळला. "ते पुरेसं आहे," सूनबाई म्हणाल्या, "वजनानं तुम्ही दोन आबा आहात." मग साखळी खळखळली, ताणली गेली, आणि बराच वेळ काहीच ऐकू आले नाही. माझा पंखा बंद होता, तरी मला धाप लागली.

मग आबा बोलले. मित्रांनो, झोपून बोलणाऱ्या आणि बसून बोलणाऱ्या माणसाचा आवाज वेगळा असतो. आबा बसून बोलत होते. काय बोलत होते ते लिहीत नाही. मुलाला उद्देशून होते आणि तुम्ही लहान आहात.

माझी एवढीच विनंती आहे. मला पुसा, माझ्या तारेला गंज चढू देऊ नका, पण माझ्यावर आंधळा विश्वास ठेवू नका. रोज सकाळी माझे काम हातोडीने तोडून बघा. तुटले तर मला वाईट वाटेल. वाटू द्या.